एक त जास्त

कायानीच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या ताब्यात एकेचाळीस साचे-फाइली:
पाणीपट्टी, बर्फ उपसणं, बालवाडीचा प्रवेश,
ग्रंथालयाचा दंड, सांत्वन.
प्रत्येकीच्या पोटात महिरपी कंस
आणि कंसात रिकामी जागा:
नाव, तारीख, रक्कम.
त्या यंत्र भरतं. मी कॉफी भरतो.

डोकं सगळ्यांना एकच, पालिकेचं चिन्ह.
पाय मात्र चार तऱ्हांचे होते.
मंगळवारी मी आवराआवर काढली,
चार फाइलींच्या दोन केल्या,
चाचणी फक्त पाणीपट्टीवर घेतली
आणि घरी जाऊन गाढ झोपलो.

गुरुवारी इर्या आली.
नोव्हेंबर, दुपारी तीनलाच अंधार,
ओल्या बुटांनी फरशीवर तळं केलं तिनं.
पत्र टेबलावर ठेवलं.
वर: आपल्या दुःखात पालिका सहभागी आहे.
खाली: चौदा दिवसांत न भरल्यास
दंड दुप्पट होईल.

मी तोंड उघडलं, तिनं हात वर केला.
म्हणाली, ते राहू दे,
पुस्तक होतंच त्याच्याकडे, मधमाश्यांचं,
उशाखाली सापडलं. दंड भरून आले.
मी आले ते याच्यासाठी.

नावावर बोट.
आमच्या भाषेत आत्तो दारात उभा राहतो,
पण टोपी 'आतोन' असते, काठी 'आतोन',
जाणंसुद्धा 'आतोन'.
कशावर मालकी सांगायची तर
एक त सोडून द्यावा लागतो.
माझ्या साच्याला हे कुठून कळणार?
त्यानं अख्ख्या नावाला न चिकटवला, बस.

जास्तीच्या त-वर तिनं
पेन्सिलीची बारीक रेघ मारली होती,
हलकी, खोडता येईल इतकी.
चोपन्न वर्षं मी त्याला बरोबर हाक मारली,
म्हणाली, शेवटच्या कागदावर तरी...
आणि बुटांकडे बघत राहिली.

त्या रात्री बेचाळिसावी फाइल केली.
तिच्यात कंस नाहीत, फक्त नावं,
एकेक करून, सगळ्या विभक्त्यांत:
आत्तो, आतोन, आतोला...
टाइप करताना माझे ओठ हलत होते.

पाय परत चार केले.
कमी करता आले असते.