गैरहजेरीची वही

आठ वाजून बारा मिनिटांनी
शाळा माझ्या टेबलावर येते,
न आलेल्यांच्या नावांची.
आलेल्यांशी माझं काही काम नाही.
एकतीस वर्षं झाली, टॅमरॅक लेक हायस्कूल,
तळमजला, जिन्याखालची खोली.

माहितीपत्रक मीच टाइप केलं, म्हणून पाठ आहे:
स्थापना एकोणीसशे अकरा, विद्यार्थी सहाशे चौदा,
वाद्यवृंद, वेल्डिंग, नर्सिंगची पहिली पायरी,
ओजिब्वे भाषा मंगळवारी आणि गुरुवारी,
फ्रेंच, शिक्षक मिळाल्यास.
मोठ्यांसाठी रात्री इंग्रजी.

त्यात हे नाही, की लोखंडाच्या खाणीवाल्यांनी
कर देताना नाकं मुरडली,
तेव्हा गावानं इरेला पेटून
त्याच पैशांत संगमरवरी जिना बांधला.
खाणकामगारांची पोरं त्यावर बसून सँडविच खात आली,
पायऱ्या मधोमध झिजल्या,
वापरत्या साबणाच्या वडीसारख्या.
हेही नाही, की रोबॉटिक्सच्या वर्गाखाली
जुना पोहण्याचा तलाव आहे, फळ्या ठोकून बंद केलेला,
आणि एप्रिलात बर्फ सुटायला लागला
की यंत्रांच्या पायाशी क्लोरीनचा वास येतो.

मी फोन लावते.
हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी
अर्ध्या अकरावीला ताप असतो.
मी "लवकर बरा हो" म्हणते, आणि पलीकडून बापही खोकतो.
होदानच्या आईला पहिल्या वर्षी नुसतं "येस, येस" यायचं.
रात्रीच्या वर्गाचा दुसरा हिवाळा संपता संपता
ती म्हणाली, एकेक शब्द नीट ठेवत,
"माझी मुलगी आज येणार नाही, कारण मी तसं म्हणते."
मी उभी राहून ऐकलं.

सुतारकामाचा वर्ग दरवर्षी एक घर बांधतो,
छपरासकट, वायरिंगसकट.
जूनमध्ये ट्रेलरवर चढवून ते विकतात.
अठ्ठ्याऐंशी सालचं घर माझं.
स्वयंपाकघरातला एक खण पुरता मिटत नाही.
एकदा उपसून काढला, तर तळाला पेन्सिलीनं:
एक सूत जास्त झालं. व्ही. सालमेला.

जुन्या वहीत शोधला त्याला.
चौदा मार्चपासून गैरहजर.
पुढे सगळीकडे तांबडी रेघ, जूनपर्यंत.
कारणाचा रकाना कोरा.
कुणी फोन केला होता की नाही, कोण जाणे.
तेव्हा या खुर्चीत मी नव्हते,
असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

या फेब्रुवारीत यादीत नाव आलं: सालमेला, आयला.
अकरावी, वेल्डिंग. सलग चौथा दिवस.
पुरुषाचा आवाज. "तिला यायचं नाहीये."
समोर छापील मजकूर होता,
नऊ दिवसांनंतर पत्र, पंधरानंतर कोर्ट.
तो वाचायचा सोडून मी म्हणाले,
"तुमचा खण अजून अडकतो."

पलीकडे कुत्रं भुंकलं, मग गप्प झालं.
मला वाटलं, ठेवला फोन.
"कुठल्या बाजूनं?" त्यानं विचारलं.
"डाव्या."
"तासू नका. मेण लावा."
आणि बऱ्याच वेळानं, फोनला नाही, घरात कुणाला तरी,
"बूट घाल."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ती आली,
भुवयांवर बर्फ, ओठ घट्ट मिटलेले.
सँडविचच्या कागदात गुंडाळलेला
मेणबत्तीचा तुकडा तिनं काउंटरवर ठेवला.
उशिराच्या चिठ्ठीवर मी वेळ लिहिली.
कारण विचारलं नाही.
लिहिलं: घराचं काम.

ती वेल्डिंगच्या शेडकडे निघाली,
जिन्याला वळसा घालून.
मग परत फिरली,
आणि जिन्यावरूनच गेली.