आवाजाची पट्टी

मॉड्यूल तीन : बुडणारा माणूस ओळखणे.
कालावधी चार मिनिटं, शेवटी पाच प्रश्न.
राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी बाबगोंडा मास्तरांना पहिला कट दाखवला.

ड्रोनमधून कळंबा तलाव,
जिथं बघायचं तिथं लुकलुकणारा लाल बाण,
आणि आवाज : फुकटच्या साठ्यातून उचललेली किंकाळी,
तिच्याखाली ढोल, ढोलाखाली छातीचे ठोके.
मला वाटलं, जमलंय.

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते.
ओल्या चड्डीची सवय झालेला माणूस
कुठंही कडेवरच बसतो.
म्हणाले, "ह्यो कोण वराडतोय?"
"बुडणारा, मास्तर."
"मग त्यो बुडत न्हाई.
वराडाय दम लागतोय, पोरी. दम हाय म्हंजे त्यो वर हाय."

किंकाळी काढली.
ढोल काढला.
"आन् ह्ये धकधक कुणाचं?"
तेही.

टाइमलाइनवर आवाजाची पट्टी उरली सपाट,
वारा पडलेल्या दुपारच्या विहिरीसारखी.
पडद्यावर एक पोरगं, मान मागं,
तोंड पाण्याच्या रेषेवर,
हात शिडी चढल्यासारखे,
शिडी नसताना.
काठावर तिघंजण भेळ खातायत.
कुणीही म्हणेल, खेळतंय.

मास्तर पेरांवर मोजत होते, ओठ न हलवता.
पेरं संपली, परत पहिल्यापासून.
"किती ठेवू?"
"जेवढं लागतंय तेवढं."
तुम्हाला कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही.
पंचगंगेच्या घाटावर पोरांच्या पाठीला डबा बांधताना
ते गाठ तीनदा ओढून बघतात,
तिसऱ्यांदा डोळे मिटून.

पुढचं सोपं होतं. हात द्यायचा नाही, दोर द्यायचा,
दोर नसला तर काठी, ओढणी, रिकामा कॅन.
"उडी टाकणारा शूर, काठी हुडकणारा शाणा.
शूर असला की दोन मोजाय लागत्यात."
हे सबटायटलमध्ये जसंच्या तसं ठेवलं.

सॉफ्टवेअर म्हणालं : आवाज सापडला नाही.
पुण्याहून मेल : तिसऱ्यात ऑडिओ गेलाय,
संगीत टाका, नाहीतर लोक कंटाळून पुढं ढकलतील.
मी त्या बत्तीस सेकंदांपुरतं
'पुढे'चं बटणच काढून टाकलं.

पहिल्या तुकडीतून गारगोटीच्या एका बाईंनी लिहिलं :
आवाज येईना, वाटलं मोबाईल बिघडला.
वाढवला. अजून वाढवला.
पुरता वाढवल्यावर ध्यानात आलं
न्हाणीतली बारक्याची बडबड थांबलीय.
पळत गेले. साबण कुरतडत बसला होता, बरा होता.
व्हिडिओ अर्धा राहिला. परत कुठून बघायचा?

मास्तरांना वाचून दाखवलं.
ते बराच वेळ खिडकीतून खालच्या रिक्षा बघत राहिले.
मग म्हणाले, "पास कर तिला.
पाच प्रश्न कशाला इचारतीस?"