फुली

गुरुवारी पहाटे सहाला हॉल उघडला.
नर्सची नोकरी सुटल्यापासून किल्ली माझ्याकडेच असते.
कौन्सिलची माणसं काळी पेटी घेऊन आली,
प्लायवूडचे आडोसे, दोरीनं बांधलेल्या पेन्सिली.
ॲक्रिंग्टनला मे महिन्यातही हाडं कुरकुरतात.
मी हीटर लावला, चहाचं आधण ठेवलं.

मिस्टर थ्रेलफॉल, केंद्राचे प्रमुख, भला माणूस,
हातात नियमांची वही घेऊन भिंती तपासत निघाले.
मेंढरू खांद्यावर घेतलेला ख्रिस्त पाहिला, पुढे गेले.
वधस्तंभ पाहिला, पुढे गेले.
थांबले ते माझ्या फळ्यापाशी.
माझंच अक्षर, खडूचं:
मार्चमध्ये एकशे नव्वद घरांनी इथून शिधा नेला.
एप्रिलमध्ये दोनशे चौदा.
बीन्स संपल्या. बाळांचे लंगोट संपले.

"हे जरा पक्षाचं वाटेल," ते हळूच म्हणाले.
कुठल्या पक्षाचं? मी विचारलं.
त्यांचे कान लाल झाले.
मग दोघांनी धरून फळा भिंतीकडे फिरवला,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
ख्रिस्त मात्र होता तिथंच राहिला,
त्याच्यावर कुणाची हरकत नव्हती.

वडाळ्याला आमचे पाळक निवडणुकीआधीच्या रविवारी म्हणायचे,
वेदीवरून मी कुणाचं नाव घेणार नाही.
एवढं म्हटलं की मंडळीला नाव कळायचं.
माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर,
घरी येऊन टोपी खुंटीला लावत म्हणायचे,
देवाला मतदार यादीत घालू नका रे,
त्याचा पत्ता कुठला लिहाल?

दहाला एडगर व्हिटम आला, निळा बिल्ला.
त्याच्या शेजारी नोरीन क्लेग, लाल.
दाराबाहेर दोन खुर्च्या, मध्ये एक थर्मास.
ग्रंथ दोघांचा एकच,
खुणेच्या फिती वेगळ्या पानांत.
एडगर शनिवारी शिध्याची पोती उचलतो
आणि म्हणतो, फुकट दिल्यानं माणूस बसून खातो.
नोरीन भाषण छान करते,
पोती उचलायला तिला अजून वेळ झालेला नाही.

कोपऱ्यावर एक तरुण पोरगा पत्रकं वाटत होता,
उपासनेत मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
पत्रकावर भलामोठा वधस्तंभ,
खाली, आमचा ख्रिस्ती देश परत घेऊ.
मी जवळ गेले तसा त्यानं हात आखडला.
माझ्या पणज्यानं बाप्तिस्मा घेतला
तेव्हा गावानं त्याला विहीर बंद केली होती.
हे त्याला सांगावंसं वाटलं,
पण दूध आणायचं राहिलं होतं.

दुपारी माझी पाळी.
इथं शिक्का नाही, बोटाला शाई नाही,
चौकटीत पेन्सिलीनं फुली मारायची, बस.
पहिली रेघ मारली आणि हात थांबला.
दोन रेघा. तिरप्या असल्या की मत,
सरळ उभ्या केल्या की ज्याच्यापुढे मी गुडघे टेकते तो.
कागद किती वळवायचा, एवढाच काय तो फरक?
बाहेर कुणीतरी खोकलं.
मी दुसरी रेघ मारली.
कुणापुढे, ते एडगरलाही सांगितलं नाही, नोरीनलाही.

रात्री सव्वादहाला पेटी गेली.
एका आडोशाची पेन्सिल दोरीसकट गायब होती.
मी फळा सरळ केला.
कोरडा खडू शोधला, चौदाचे सोळा केले,
सकाळपासून मागच्या दारानं दोघं येऊन गेली होती.
एकीनं तर बाळ कडेवर घेऊनच मत दिलं होतं.

रविवारी प्याला माझ्या हातात होता.
एडगर प्यायला. मी फडक्यानं कड पुसली,
प्याला जरासा फिरवला,
नोरीनच्या ओठांना लावला.
कोण जिंकलं हे तिघांनाही ठाऊक होतं.
नोरीननं घोट जरा मोठा घेतला.
मागच्या बाकावर, दाराशी,
तो पत्रकवाला पोरगा बसला होता, ओंजळ कशी धरायची
हे शेजाऱ्याच्या हातांकडे बघून शिकत.
प्याल्यात थोडंच उरलं होतं.
मी त्याच्याकडे चालत गेले.