पाव

सावई-वेऱ्याच्या जत्रेत, पहाटे साडेचारला,
तिसऱ्या अंकात राजा गुडघे टेकून म्हणाला,
"माते, पाव! आता तरी पाव!"
आणि मांडवाच्या मागून, सायकलला टेकून उभा
इनास पोदेर म्हणाला,
"उंडो जाय काय पोय?"

मी विंगेत. प्रॉम्प्टर.
मांडीवर वही, वहीवर बॅटरी.
पुढचे वाक्य लिहिले होते, ते मी इमानाने पुरवले,
आणि रोहिदास, ज्याने आयुष्यात एकही नक्कल
धड पाठ केली नव्हती,
वर बघून म्हणाला,
"अहाहा! ही तर आकाशवाणी!"

मग नाटक संपलेच.
देवी झालेला शाणू हसता हसता
चौरंगावरून घसरला, मुकुट समईत.

शब्द साधा होता.
त्याचे एक दार परसात उघडते,
आणि आम्ही जन्मभर
पुढच्याच दाराने, चपला काढून,
ये-जा करत होतो.

दुसऱ्या वर्षी राजा 'माते' म्हणाला
तेव्हाच मांडव फुटला.
तिसऱ्या वर्षी इनास काही बोललाच नाही,
फक्त भोंपू दाबला. पों.
तेवढ्यावर तीनशे माणसे
पोट धरून.

त्याच वर्षी टीव्हीवाले आले होते.
महिन्याने केरकरांच्या घरी आम्ही वीसजण
दाटीवाटीने बघत बसलो.
पों कापलेला. हसणेही.
बाहेरचा आवाज, म्हणे.
राजा म्हणाला पाव, आणि देवी
मुकाट्याने पावली.
आम्ही त्या कापलेल्या जागेवरच हसलो,
केरकरीणबाईंच्या चहाच्या कपांसकट.

इनास आता नाही.
त्याची मुलगी फेलिसिया स्कूटरवरून येते,
तिसऱ्या अंकाला बरोबर थांबते,
इंजिन बंद करते.

यंदा पुण्याचा भाचा शेजारी होता.
सगळे हसले, तो इकडे तिकडे बघत राहिला.
मी समजावून सांगू लागलो:
हे असे, ते तसे, एक इनास होता...
सांगता सांगता माझ्याच तोंडात
पाव शिळा होत गेला.
"राहू दे मामा," तो म्हणाला,
"मी नुसतंच विचारलं."

पुढच्या रांगेतून दामूने मान वळवली.
"नुस्तें? खंयचें?
इसवण काय बांगडो?"

पुढल्या जत्रेला तो येईल
तेव्हा गावात त्याचे नाव
बांगडो असेल.