शेऱ्याचा रकाना

गोंदूरच्या धावपट्टीवर सकाळी सहाला
पंखाखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल काढायचं
बोटभर नळीत,
आणि उजेडापुढे धरून बघायचं:
निळं आहे ना, तळाशी पाण्याचा मणी नाही ना.
मुनाफदादा पिंजारी मागून म्हणतात,
"नळाले पानी आठ दिवस येत नही,
टाकीमा मातर बरोब्बर येस. देखी ले."

विमान चढतं आपलं आपण.
उतरायला मी चार महिने शिकले.
चौबळ सर उजव्या सीटवर,
दाढ दुखत असल्यासारखे गप्प,
आणि चाक तिसऱ्यांदा उसळलं की एवढंच:
"बेडूक आहे का?"

इंग्रजीतला तीन मला कधी नीट म्हणता आला नाही.
"ट्री" म्हणायचे, नंदुरबारच्या शाळेत म्हणत आले तसं.
पुण्याची मुलं कॅन्टीनमध्ये हसायची.
मग रेडिओच्या परीक्षेचं पुस्तक आलं,
त्यात छापलेलं होतं की आकाशात सगळ्या जगाने
तीनला "ट्री"च म्हणायचं,
खरखरीतून ऐकू जावं म्हणून.
ते पान मी दुमडून ठेवलंय.

मेमध्ये नवानंतर हवा पातळ होते,
पाहुणे वाढले की ताक होतं तशी.
सेसना धावते, धावते, कुंपण जवळ येतं,
तिला उठायचंच नसतं.

अशाच एका सकाळी, ऊन चढायच्या आत,
सर मधेच उतरले.
आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतः आवळला,
मूल झोपवून निघावं तसा,
"एक चक्कर. मी झाडाखाली आहे."
झाड कुठलं, मला आजही माहीत नाही.
ब्याऐंशी किलो कमी झाले होते,
विमान असं वर गेलं की मी घाबरून हसले.
लळिंगचा डोंगर उजवीकडून डावीकडे आला,
तोवर मी त्या सीटशी बोलत होते,
तेही अहिराणीत.
खाली आल्यावर डोक्यावर पाणी ओततात, रीत आहे.
मुनाफदादांनी अर्धीच बादली ओतली.
उरलेल्यात चाकं धुतली.

मग जानेवारी. एकटीने लांबचा पल्ला:
गोंदूर, नंदुरबार, शिरपूर, गोंदूर.
मांडीवर नकाशा, पेन्सिलीची रेघ,
डावीकडे दूर साक्रीच्या पवनचक्क्या,
दोंडाईचाजवळ रेल्वेचे रूळ सापडले
आणि जीव भांड्यात पडला.
साडेतीन हजार फुटांवर थंडी होती.
बाविसाव्या मिनिटाला खाली लाल दिसलं.

मिरचीच्या पथारी.
एकरच्या एकर लाल, कडांनी नारिंगी,
आणि त्यावर बायका, बाजरीच्या दाण्याएवढ्या.
त्यातला एक दाणा माझी माय.
बारा वर्षं ती तिथे मिरचीची डेखं खुडते,
रात्री पोळी देताना
हात माझ्या डोळ्यांपासून लांब धरायची.
इतक्या उंचीवर वास येत नाही.
मला शिंक आली.
मग बटण दाबून सांगितलं,
नंदुरबार ओव्हरहेड, ट्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड,
पुढची वेळ शिरपूरची.
आवाज सरळ होता.

परत आल्यावर लॉगबुक.
तारीख, विमान, कुठून, कुठे, तास, मिनिटं.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
पेन टेकवलं, उचललं.
सर म्हणाले, "रिकामा ठेवला तरी चालतो."

रात्री मायचा फोन.
"जेवनी का? आज तीन इमानं गयात वरथून.
तू कोनतामा व्हतीस?"
मी काही सांगणार,
तेवढ्यात तीच शिंकली,
एकदा, दोनदा,
आणि फोन हातातून पडल्याचा आवाज आला.