चार्ज देताना

वैजनाथ, ही तीन रजिस्टरं, हा शिक्का.
शाई सुकली तर पाण्याचे दोन थेंब.
कपाटाची चावी ओढून फिरवायची, दाबून नाही.
एवढं यादीत आहे, खाली सही कर.
आता यादीत नसलेलं ऐक.

मोंढ्यातून सहाच्या सुमाराला मुंजाजी येईल,
वसमतची हळद कोपरापर्यंत.
पानांच्या कडा पिवळ्या होतील, बोलू नको.
त्याला समुद्र द्यायचा :
गलबतं, वादळं, नकाशात नसलेली बेटं.
सिद्धेश्वर धरणाहून मोठं पाणी त्यानं बघितलेलं नाही.
मी नवी होते तेव्हा त्याला हमालाच्या आयुष्यावरचं दिलं,
मोठ्या विचारानं.
दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवून म्हणाला,
‘मॅडम, हे तर पाठ हाय.’

डिगांबरराव तलाठी, रिटायर.
खुनाच्या गोष्टी. शेवटचं पान आधी वाचतात,
मग पहिल्यापासून सावकाश.
‘खोटं कोण बोलतंय हे सातबाऱ्यावरून कळायचंच,’ म्हणतात,
‘बोललं कसं, ते बघण्यात मजा.’
त्यांना खुनी आधीच सांगून टाकलास तरी चालेल.
बाकी कुणाला सांगू नको.

साजेदा शिलाईवाली मराठीत वाचते
आणि आईला दखनीत सांगते, वाचता वाचताच.
तिला बोलणं भरपूर असलेलं पुस्तक शोध.
निसर्ग लांबला की म्हातारी पाय आपटते :
‘झाडां-पानां रहने दे गे, आगे क्या हुआ बोल!’
लिहिणाऱ्यांनी हे एकदा ऐकायला पाहिजे होतं.

भरतीची पोरं गाईडच मागतील. गाईडच दे.
मधे एखादं पातळ कवितेचं पुस्तक सरकव,
नोंद करू नको.
अकरा गेली अशी. दोन परत आली,
एकात बसचं तिकीट होतं, सत्तेचाळीसाव्या पानावर.
ऑडिटला मी ‘वाळवी’ लिहिलं.

अध्यक्षांच्या वडलांचं चरित्र, चाळीस प्रती.
कुणी मागत नाही.
पण वरच्या फळीला हात पुरला नाही
तर आधी नमस्कार कर
आणि सहा प्रतींवर उभा राहा.

दैवशालाबाईंचं मात्र माझ्याकडून चुकलं.
नवरा गेल्यावर त्या आल्या तेव्हा
मी धीराची पुस्तकं दिली, एकामागून एक,
चार महिने.
त्या मुकाट्यानं नेत, मुकाट्यानं आणत.
एके दुपारी लाईट गेलेली, पंखा थांबलेला,
हळूच म्हणाल्या, ‘हसायचं काई हाय का वो?
घरी नेत नाही. इथंच बसून वाचते.’
मला खुर्चीतून उठायला वेळ लागला.
ती फळी मी दाराजवळ आणून ठेवली आहे.
तिथून हलवू नको.

माणूस बघून पुस्तक द्यावं म्हणतात.
सव्वीस वर्षं बघत होते मी,
निम्म्या वेळा नुसत्या चपलाच बघितल्या.
तू विचारत जा. उत्तर येईपर्यंत थांब.
‘काहीबी द्या’ म्हणणाऱ्यापाशी तर
जास्तच थांब.

आणि हा फॉर्म, भरलेला. हे पन्नास रुपये डिपॉझिट.
सभासद क्रमांक तू घाल.
उद्यापासून मी काउंटरच्या त्या बाजूला.
मला काय आवडतं? खरंच माहीत नाही रे,
कुणाला काय आवडतं यातच राहिलं ते.
काढ तू काहीतरी.
चुकलं तर आणून देईन परत,
आणि सात दिवसांच्या वर ठेवलं
तर दंड घे.
मॅडम म्हणून सोडू नको.