पत्त्यांचं वजन

रात्री दीड वाजता मी मोजत बसलोय
पत्त्यांचं वजन.

चांदिवलीच्या मशीनवर चौसष्ट जीबीचा एकच साठा,
कुठल्याशा बँकेचा.
त्याच्या दाराशी चौदाशे प्रोसेस,
सगळ्यांना तेच वाचायचंय,
पण प्रत्येकीच्या काखेत स्वतःची वही:
अमुक पान मेमरीत तमुक जागी.
एका नोंदीला आठ बाइट.
आठच तर आहेत, मीही म्हणालो होतो.

एक वही भरते एकशे अठ्ठावीस एमबी.
चौदाशे वह्या
मी मशीनवर गुणल्या, मग विजेच्या बिलामागे गुणल्या.
चौसष्टचा माल
आणि पावणेदोनशेची यादी.
आईला वाटतं मी कुणा कर्नलकडे नोकरीला आहे.
तिला आकडे सांगितले तर म्हणाली,
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि कूस बदलून झोपली.

मोठी पानं घे ना, देवयानी खोत म्हणाली होती,
दोन-दोन एमबीची, वही आपोआप पातळ होईल.
त्याला सलग जागा लागते, बाई.
सलग जागा!
विक्रोळीत राहणाऱ्याला सांगतेस?

आमचाही पत्ता तसा खोटा नाही.
आधारवर, गॅसच्या पुस्तकावर, बाबांच्या पेन्शनच्या कागदावर:
इमारत एकेचाळीस, खोली अकराशे सत्त्याऐंशी.
तिथे आता निळे पत्रे, आत खड्डा,
खड्ड्यात पायलिंगचं मशीन दिवसभर उचकी देतं.
आम्ही संक्रमण शिबिरात, कुणी भांडुपला भाड्याने,
तरी पत्र पोचतं.
पोस्टमन मोकलांच्या थैलीत पिवळ्या पुठ्ठ्याची वही आहे:
११८७ म्हणजे शिबिर, ब विंग, २०६.
एकशे साठ बिऱ्हाडांची मिळून एक.
मोकल मुलीच्या लग्नाला पेणला गेले त्या आठवड्यात
बदलीवाल्याने सगळी टपाल ‘घर बंद’ म्हणून परत धाडली.

नाही, कल्पना मला मोकलांवरून सुचली नाही.
तसं सांगायला बरं वाटलं असतं.
ती सुचली कंटाळ्यातून, चौथ्या चहाला:
वह्यांच्या चार पातळ्या असतात,
वरच्या तीन हलक्या, ज्याच्या त्याला राहू द्या.
शेवटची, जाडजूड, ती एकच ठेवू,
चौदाशेंनी तिच्याकडे बोट दाखवावं
आणि किती बोटं, ते कोपऱ्यात लिहून ठेवावं.
शेवटचं बोट उचललं की वही रद्दीत.
तीनशे चाळीस ओळी.

मंगळवारी पडलं.
एक एक करून प्रोसेस निघाल्या,
आकडा उतरत शून्यावर आला, वही रद्दीत गेली
आणि एक जण अजून वाचत होती.
तिचा जन्म झाला तेव्हा
मी एक वाढवायला विसरलो होतो.
ती सवयीने आपल्या पत्त्यावर गेली,
तिथे दुसऱ्याच कुणाचा संसार मांडलेला.
स्क्रीन काळी.
मोकळं करायची घाईच फार तुला,
देवयानी म्हणाली. तिने हसून म्हटलं,
मला ते दोन दिवस लागून राहिलं.

एक ओळ. एक अधिक एक.
आता पावणेदोनशे जीबीचं ओझं
अर्ध्या जीबीत बसतं.
चांदिवलीत कुणाला काही कळलं नाही,
कळू नये हीच अपेक्षा असते.

आज मोकल आले, लग्नाचे लाडू घेऊन.
बाबांची सही घेतली, वही उघडली,
सावर्डेकरकाकूंच्या नावावर पेन थांबलं.
काकू गेल्या त्याला महिना झाला.
खोडणार? मी विचारलं.
ते थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.
मुलाचं एलआयसीचं पत्र अजून
त्यांच्याच नावाने येतं, म्हणाले,
आणि पेनाला टोपण लावलं.